सुरुंगाची वात आणि माणसाचा जीव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या जुन्या रेल्वे बोगद्यांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. वुडहेड बोगद्याची लांबी, चार्ल्स व्हिग्नोल्स आणि जोसेफ लॉक ही अभियंत्यांची नावं, सगळं त्यात आहे. मात्र तो डोंगर ज्यांनी फोडला, त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. माझी सारी नोकरी बोरघाटात रुळांच्या देखभालीवर गेली, म्हणून ही उणीव फार लागली.

शेफील्ड आणि मँचेस्टरच्या मध्ये पेनाइन्सची रांग आडवी येते. तिच्या पोटातून तीन मैलांचा हा बोगदा 1838 ते 1845 अशी सात वर्षं खणला गेला. मजूर वर उघड्या माळावर झोपड्या बांधून राहत. मजुरी हातात पडायची ती नऊ-नऊ आठवड्यांनी. तोवर उधारीवर जगायचं.

सुरुंगाचं काम कसं चाले ते सांगतो. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वर माती घालून सळईने ठासायची. सळई तांब्याची असली तर ठिणगी उडत नाही. पण तांबं मऊ, ते वाकतं. म्हणून इथे लोखंडी सळया होत्या. लोखंड दगडावर घासलं की दारू ठासणाऱ्याच्या तोंडावरच उडे.

1846 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने या मजुरांच्या हालांची चौकशी केली. सुरक्षित वात, म्हणजे सुरुंग पेटवायची सावकाश आणि एकसारखी जळणारी वात, वापरली असती तर धोका कमी झाला नसता का, असं बोगद्यावरचे अभियंता वेलिंग्टन पर्डन यांना विचारलं गेलं. कदाचित झाला असता, पण तिच्यात वेळ फार जातो. जे काही जीव वाचतील त्यांच्यासाठी तेवढा वेळ घालवावा असं मी सुचवणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. हे वाचल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी या बोगद्यावरच्या मजुरांचा हिशेब मांडला. शंभरातले तीनहून जास्त मेले, चौदाच्या आसपास जखमी झाले. वॉटर्लूसह चार मोठ्या लढायांत साध्या शिपायांच्या मृत्यूचं प्रमाणही याहून कमी होतं! शेजारचा दुसरा बोगदा खणताना 1849 मध्ये कॉलऱ्याने आणखी 28 जण गेले.

अपघाताची जबाबदारी कंपनीवर टाका, अशी शिफारस समितीने केली होती. संसदेने ती तशीच पडू दिली. दहा वर्षांनी, 1856 मध्ये, बोरघाटाचं काम सुरू झालं. तिथेही कॉलऱ्याने माणसं पटापट गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावंही कुठे लिहिलेली नाहीत.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर पर्डन यांची साक्ष त्यात जरूर छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
निवृत्त रेल्वे कर्मचारी, कर्जत