मोझांबिकला जाण्यापूर्वी

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर उत्तर मोझांबिकमध्ये स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाण्याचा तुझा विचार वाचून फार आनंद झाला. मी नांपुला प्रांतात राहून हेच काम करून आलो असल्यामुळे तू माझे मत विचारले आहेस, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. तू जरूर जा, पण पूर्ण शालेय वर्ष राहण्याची तयारी असेल तरच जा.

तिथल्या मुलांची परिस्थिती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. १९७५ साली देश स्वतंत्र झाला, तरी राजभाषा पोर्तुगीजच राहिली. त्यामुळे घरी माखुवा ही स्थानिक भाषा बोलणारे मूल शाळेत पोर्तुगीज शिकते आणि त्यानंतर इंग्रजीकडे वळते. १९६१ पूर्वी, गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना, आपल्या वडिलांच्या पिढीनेही घरी कोकणी-मराठी, सरकारी शाळेत प्रिमेर ग्राव म्हणजे पोर्तुगीजमधले प्राथमिक शिक्षण आणि पुढे मुंबईत नोकरी मिळावी म्हणून इंग्रजी, असेच शिक्षण घेतले होते ना? १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. आज तिथे इंग्रजी हवी आहे ती पोटापाण्यासाठी, कारण टांझानिया, मलावी, झांबिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिका या शेजारी देशांत व्यापाराला आणि नोकरीला तीच उपयोगी पडते.

वर्गात मुले दाटीवाटीने बसतात आणि एकेका पुस्तकावर तीन-चार डोकी वाकलेली असतात. फळ्यावर लिहिलेले वाक्य सारा वर्ग खणखणीत आवाजात म्हणतो, पण तेच एखाद्याला एकट्याला विचारले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. यावर मला उपाय सापडला तो काजूमुळे. आपल्याप्रमाणेच तिकडेही पोर्तुगिजांनीच काजू नेला आणि नांपुलात तो भरपूर पिकतो. मी मुलांच्या जोड्या लावल्या, एकाला विक्रेता आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक केले आणि पुड्या मांडून भाव करायला सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर कधी बोललीच नव्हती आणि जिची आई रस्त्याकडेला भाजलेले काजू विकत असे, ती ‘नो, टू लिटल!’ असे ठणकावून म्हणाली आणि शेवटपर्यंत भाव उतरवायला तयार झाली नाही. व्याकरण तिला पुढे हळूहळू आले.

असे काम दोन आठवड्यांत होत नाही. मुलांची भीड चेपायलाच कितीतरी दिवस जातात, आणि नेमका तेव्हाच पाहुणा शिक्षक निघून गेला, तर मुलांना पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही संस्था स्वयंसेवकाकडून भरमसाट शुल्क घेतात. त्यातले शाळेपर्यंत किती पोहोचते, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथल्या शिक्षकाला बाजूला सारून स्वतः फळ्यापुढे उभा राहू नकोस. तू परतल्यावर तो वर्ग त्यालाच सांभाळायचा आहे, म्हणून पाठ त्याच्यासोबत बसून तयार कर आणि वर्गात दोघे मिळून शिकवा. त्यासाठी कामापुरती पोर्तुगीज तुला यायलाच हवी. शेजारच्या आजोबांकडे आतापासून रोज संध्याकाळी बसत जा. त्यांनाही ती भाषा पुन्हा बोलायला आवडेल.

हिवतापाचा धोका तिथे मोठा आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचार आणि मच्छरदाणी बरोबर ने. पर्यटक व्हिसावर शिकवायला जाऊ नकोस. तिथले शालेय वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ चतुर्थी आटोपताच सुरू करायला हवी. माझ्या पाठांच्या वह्या मी काढून ठेवल्या आहेत. काजूचा पाठही त्यांत आहे. वहिनींना घेऊन एखाद्या रविवारी जेवायलाच ये, म्हणजे सगळे सविस्तर बोलता येईल.

तुझा बालमित्र