गवतावरचे बीफ म्हणजे मासे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गवतावर वाढवलेल्या गुरांच्या मांसाविषयी आलेला लेख वाचला. धान्यावर पोसलेल्या गुरांपेक्षा अशा गुरांच्या बीफमध्ये ओमेगा-३ हे मेदाम्ल (चरबीचा एक घटक) जास्त असते, हे त्यातील विधान बरोबर आहे. मात्र त्यावरून असे बीफ माशांना पर्याय ठरते, हा लेखिकेने काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही. पशुआहार हा विषय अनेक वर्षे शिकवल्यामुळे राहवले नाही, म्हणून हे पत्र.

ताज्या हिरव्या गवतात चरबी फार थोडी असते, पण त्या थोड्यातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ चा असतो, तर मक्यासारख्या धान्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, वरचढ असते. कोंबडीला जवस घातले की त्याचा परिणाम अंड्यातल्या बलकात लगेच दिसतो. गाय-बैलाचे तसे नाही, कारण खाल्लेले आधी कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जाते आणि तिथले सूक्ष्मजीव या असंपृक्त आम्लांना हायड्रोजन जोडून त्यांतील बहुतेकांचे संपृक्त स्टिअरिक आम्ल करून टाकतात. अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग असा वाटेतच बदलतो, आणि मांसापर्यंत पोहोचते ते या चाळणीतून निसटलेले. या अर्धवट राहिलेल्या प्रक्रियेतूनच व्हॅक्सेनिक आम्ल तयार होते आणि त्याचे पुढे शरीरात सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक आम्ल) हे मेदाम्ल बनते, जे गवतावरच्या गुरांत अधिक आढळते. लेखात याचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले.

लेखाचा सारा भर ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांच्या गुणोत्तरावर आहे. गवतावरच्या बीफमध्ये ते साधारण दोनास एक आणि धान्यावरच्या बीफमध्ये सातास एक किंवा त्याहूनही जास्त असते, आणि हा फरक कागदावर डोळ्यांत भरतो. पण गुणोत्तरावरून प्रमाण कळत नाही. गवतावरच्या १०० ग्रॅम बीफमध्ये ओमेगा-३ बहुधा १०० मिलिग्रॅमहूनही कमी असते आणि तेही मुख्यतः वनस्पतिजन्य प्रकारचे, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. तेवढ्याच वजनाच्या तेलकट समुद्री माशात ते एक ते दोन ग्रॅमपर्यंत जाते.

धान्याला सरसकट खलनायक ठरवणेही योग्य नाही. धान्यावर जनावर लवकर भरते, स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबीच्या बारीक रेषा पसरतात आणि त्या चरबीत ऑलिव्ह तेलात असते तेच ओलेइक आम्ल वाढते. एकूण चरबीही वाढते, हे अर्थातच खरे. आम्ही विद्यार्थ्यांसमोर दोन्हींच्या चरबीचे तुकडे पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवत असू: गवतावरचा तुकडा लोण्यासारखा पिवळसर, दुसरा मेणासारखा पांढरा. हा पिवळेपणा बीटा-कॅरोटिनचा. मात्र जनावराच्या जातीने आणि वयानेही रंग बदलतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून आहार ओळखू पाहणारा विद्यार्थी हमखास फसे.

शेवटचा मुद्दा वेष्टनावरच्या ‘गवतावर वाढवलेले’ या शब्दांचा; तेवढ्याने पुरेसे कळत नाही. जवळजवळ सर्वच गुरे आयुष्याचा सुरुवातीचा काळ दुधावर आणि गवतावर काढतात. फरक पडतो तो कत्तलीपूर्वीच्या काही महिन्यांत, कारण धान्यावरचे दिवस वाढतात तसतसे मांसातले ओमेगा-३ घटत जाते. गवत कापून उन्हात वाळवले तरी त्यातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा बराच भाग नष्ट होतो, त्यामुळे ताजा चारा आणि वाळलेली वैरण यांनाही एकाच मापाने मोजता येत नाही. तेव्हा पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल, तेव्हा गुणोत्तरासोबत १०० ग्रॅममागचे मिलिग्रॅम आणि अखेरच्या महिन्यांतला आहार या दोन्ही गोष्टी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
पशुआहारशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक