टाळूवरचे मोती

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, काल फोनवर बाळ रडताना तुला त्याच्या तोंडातल्या टाळूवरचे पांढरे दाणे दिसले आणि तुझा जीव थाऱ्यावर राहिला नाही, हे कळलं मला. तरी त्यावर टाकणखार (बोरॅक्स) आणि मध लावायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. रागावू नकोस गं. तुझ्या हाताला गुण आहे, मला अजूनही तोच हात लागतो. पण टाकणखार पोटात गेला तर एवढ्याशा जिवाला झटके येऊ शकतात. मधातले जंतूंचे बीजाणू वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं. मध उकळूनही ते मरत नाहीत.

डॉक्टरांनी टॉर्च लावून नीट पाहिलंय. गर्भात टाळूचे दोन भाग मधोमध जुळतात, त्या सांध्यात थोड्या पेशी अडकतात. त्यांच्यात केराटिन, म्हणजे नखा-केसांतलंच द्रव्य, साठून एक ते तीन मिलिमीटरचा दाणा होतो. बाबा, तुम्हाला नाव हवं असणार: एपस्टाइन पर्ल्स. प्रागच्या डॉ. एपस्टाइन यांनी 1880 मध्ये त्यांचं वर्णन केलं. हिरडीच्या कडेला असले तर बोन्स नोड्यूल्स. निम्म्याहून जास्त बाळांना असतात, दुखत नाहीत, आपोआप फुटून काही आठवड्यांत जातात, फार तर तीन महिने.

बाळ दिवसाला आठ-दहा वेळा पितंय, सहा-सात लंगोट ओले करतंय. मीही डिंकाचे लाडू खातेय, शेक घेतेय.

कुणी फडक्याने चोळा, सुईने टोचा म्हणालं तर ऐकायचं नाही. साल निघाली की जंतू शिरतात, तोंड दुखून बाळ दूध सोडतं. आणि हे दाणे म्हणजे दात समजून ‘वरचे दात आधी आले, मामाला वाईट’ असं म्हणत दादाला घाबरवू नकोस. जन्मतः दात असलाच तर बहुधा खालच्या हिरडीला पुढे असतो, बोटाला कडक लागतो. हलत असेल तर डॉक्टर काढतात, निसटून श्वासनळीत जायची भीती असते. जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखा थर, पुसला की खाली लाल, ती बुरशी, तिला औषध लागतं. जिभेखाली निळसर मऊ गाठ दिसली, दाणा वाढला, ताप आला किंवा पिणं कमी झालं, तर मी लगेच दवाखान्यात नेईन.

रात्रीच्या एसटीने धावत येऊ नका. बारशाला ठरल्यासारखे या, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आठवणीने घ्या. आल्यावर डोक्यावरची टाळू तेलाने तूच भर, आई. तोंडातल्या टाळूला मात्र बोट लावायचं नाही.

तुमची,
ताई