झोपाळ्याची फळी

प्रिय मित्रा,

गणपतीत तू भांडून गेलास त्याला आठ महिने झाले. तू जागा विकलीस म्हणून मी बोललो, तू माझ्या खवटपणाचा उद्धार केलास, आणि दोघांच्या बायका आत चहा गाळता गाळता ऐकत होत्या. जाऊ दे. जागा तुझी होती, तोंड माझं होतं. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, गुडघा होता तिथेच आहे.

हे फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा गाडी आंब्याच्या मोहोराकडे वळवली. म्हणून पत्र.

तात्यांनी झोपाळा उतरवला.

नुसतं एवढं वाचूनच तू खुर्चीत सरळ बसला असशील. ओटीवर आता चार साखळ्या लोंबतायत. त्यांच्या पितळी कड्या वाऱ्याने एकमेकींवर आपटतात आणि रात्री माझ्या खिडकीत आवाज येतो. म्हातारबुवा सत्त्याऐंशीचे झाले. ऐकू कमी येतं, पण ओळंबा न लावता अजून सांगतात की माझ्या नव्या पडवीचा खांब बोटभर कलता आहे. मी लावून पाहिला. आहे.

वाचनालयाने गावच्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, सुरुवात तात्यांपासून करू. माणूस तारखा सांगत नाही हे तुला ठाऊकच आहे. ‘बोटीच्या आधी’ आणि ‘बोटीच्या नंतर’, बस्स. बोट म्हणजे सत्तेचाळीसची ‘रामदास’. घराचा पाया बोटीनंतर पंधरा वर्षांनी खणला, आणि शेवटचं कौल भूकंपाच्या साली चढलं. म्हणजे 1962 ते 1967. पाच वर्षं दिवसा लोकांची दारं-खिडक्या केल्या आणि रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतःचं घर. कोयनेचा धक्का बसला त्या पहाटे कौलं खडखडली, पण तुळई जागची हलली नाही, हे आपण किती वेळा ऐकलं? आता त्याला 3 जून 2020 ची जोड मिळाली आहे. निसर्ग वादळात माझे पत्रे थेट तुमच्या विहिरीपर्यंत गेले. तात्यांची निम्मी कौलं उडाली, पण वासा एकही हलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘खिळ्यावर घर उभं करतात होय? कुसू खाचेत बसलं की वारा बाहेरून जातो.’’ मी पत्रे गोळा करत होतो, काय बोलणार?

(तात्यांची पटाशी मीच विहिरीत पाडली होती. तू मार खाल्लास. आज इतर गोष्टी सांगतोच आहे तर हीही सांगून टाकतो.)

तर मी फोन रेकॉर्डिंगला लावून बसलो. म्हटलं, बोटीची गोष्ट सांगा. तीच, पाठ असलेली. 17 जुलै 1947, गुरुवार, गटारी अमावास्या. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ सुटली. मुंबईत काम करणारी आपली माणसं सणाला रेवसला येत होती. काश्याच्या खडकाजवळ लाटेने कलंडली, सहाशेंवर माणसं गेली, आणि मुंबईला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. मग आपला आवडता भाग: कोळ्यांनी भरलेली मासळी समुद्रात ओतली आणि माणसं ओढून घेतली, त्यांच्यात तात्यांचे वडील, आणि ज्या फळीला धरून एक मुलगा तरला तीच ही झोपाळ्याची फळी. तू दहावीत शहाणपणा केला होतास, लोखंडी बोटीची लाकडी फळी कशी? त्यावर तात्या म्हणाले होते, ‘‘आणि बसायची बाकं काय तुझ्या बापसाने लोखंडाची घातली?’’ फळीतली ती चार बुजवलेली भोकं, ज्यांना मी पिस्तुलाच्या गोळ्या म्हणायचो, ती बाकाच्या बोल्टांची.

या वेळी ते तिथे थांबले. पानाचा डबा उघडला, सुपारी न कातरताच मिटला. मग म्हणाले, ‘‘बाला, माझा बापूस मचव्यात नव्हता. तापाने घरात पडला होता.’’

मासळी ओतली ती खरी, माणसं काढली ती खरी, पण ती दुसऱ्यांनी. सत्त्याऐंशीचे होईपर्यंत त्यांनी आपल्या बापाला दुसऱ्याच्या मचव्यात बसवून ठेवलं. यांचा बाप तिसऱ्या दिवशी उठून खाजणात गेला, नऊ वर्षांच्या पोराला घेऊन. भरतीने काय काय आणून टाकलं होतं. तिवरांत एक फळी अडकली होती, सागाची, पाणी पिऊन जड झालेली, आणि तिच्याजवळ एक माणूस. चेहऱ्यावरून ओळख पटेल अशी राहिली नव्हती. मुठीत छत्रीची वाकडी लाकडी मूठ, नुसती मूठ. वडिलांनी त्याच्यावर उपरणं घातलं, पाटलाला वर्दी दिली. फळीची दिली नाही. काळोख पडल्यावर दोघांनी ती घरी आणली आणि माळ्यावर पेंढ्याखाली ठेवली. सुतार होता तो, सागवान ओळखत होता. पंधरा वर्षं ती तिथेच होती. घर बांधायला काढलं तेव्हा तात्यांनी ती रंधली, भोकं बुजवली, आणि गोष्टही त्याच रंध्याने साफ केली असावी. हे शेवटचं माझं, त्यांचं नाही.

आता तू छत्रीवर अडकला असशील. मीही तिथेच अडकलो आहे, तीन आठवडे.

तुझी आजी सांगायची ना, ‘रामदास’च्या त्या खेपेला ह्यांनी नवी छत्री घेतली होती, पत्रात कळवलं होतं. बाकी काही सांगायची नाही, छत्रीचं मात्र सांगायची. मी स्वतःला शंभरदा समजावलं की आषाढातल्या बोटीत छत्री नसलेला माणूस सापडेल का, आणि वाकडी लाकडी मूठ नसलेली छत्री तेव्हा मिळत तरी होती का. त्या बोटीत सहाशे छत्र्या असतील. हा पुरावा नाही, कोणी वकील हसेल. पण मला दुसरंच आठवत राहतं. तुझी आजी रोज दुपारी तात्यांच्या आईकडे यायची, आणि त्या झोपाळ्यावर एकदाही बसली नाही. खाली पायरीवर बसायची, खांबाला टेकून. आपण समजायचो झोपाळ्याने तिला गरगरतं. तूच तिला चिडवायचास. तिला काही माहीत होतं का? तात्यांना विचारलं तर म्हणाले, ‘‘आईने कधी कुणाला काही सांगितलं नसेल. पण बायका काय बोलतात ते मला काय ठाऊक?’’

मला राग आला, खोटं कशाला बोलू. ज्या फळीवर बसून तू सातचा पाढा पाठ केलास, माझी मुंज झाल्यावर मला जिच्यावर बसवून ओवाळलं, ती अशी? आणि पुढच्याच क्षणी वाटलं, ज्या आठवड्यात घरात दाणा नाही, बाप तापातून उठलेला, समोर अखंड साग पडलेला, तिथे मी काय केलं असतं? मी गेल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरची उरलेली खडी घरी आणली आहे.

पुस्तिकेत काय छापायचं ते मला कळत नाही. जुनी गोष्ट छापली तर रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये बसून माझ्याकडे बघतं. नवी छापली तर गाव म्हाताऱ्याच्या बापाला फळीचोर म्हणेल, तुला गावाची जीभ माहीत आहे. समितीतल्या एकाला फक्त ‘‘थोडा फरक आहे’’ एवढं म्हणालो, तर तो म्हणतो, फरक असेल तर दोन पानं वाढतील, खर्च वाढेल. तात्यांना विचारलं, लिहू का? त्यांना ऐकूच गेलं नाही, किंवा तसं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपाळा खाली. एकट्याने कसा उतरवला देव जाणे. पहार आणि दोर वापरून, असं म्हणतात. दुपारी नातवाच्या डोक्यावर फळी देऊन माझ्याकडे पाठवली आणि निरोप दिला, ‘‘त्याला विचार, नेतो का.’’

त्याला म्हणजे तुला. नाव घेतलं नाही.

नको असेल तर नको म्हण. मी त्यांना सांगीन तू परदेशात आहेस, त्यांना चालेल. पण यायचं तर पावसाच्या आत ये, मांडव्याच्या लाँच बंद व्हायच्या आधी. धाकटीच्या परीक्षेचं काय झालं? तुझ्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली की अजून पाच मजले चढतोस? वहिनींना नमस्कार, आणि त्या चहाच्या वेळी ऐकलेलं विसरायला सांग.

फळी सध्या माझ्या पडवीत आहे, त्या कलत्या खांबाला लावून. उभीच ठेवली आहे. आडवी ठेवली की शेजारची पोरं येऊन बसतात.

तुझाच,
खवट