जिवाणूची मोटार आणि आपला डोळा

संपादक महोदय,

गणेशोत्सवात आमच्याकडे खानापुरात एका वक्त्यांनी सांगितले, की जिवाणूच्या शेपटीला चक्क मोटार असते, एक सुटा भाग काढला तरी ती बंद पडते, म्हणजे ती कुणीतरी ठरवून रचली. टाळ्या भरपूर पडल्या. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांचा हा १९९६ सालचा युक्तिवाद. पण त्या मोटारीच्या बुडातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती प्रथिने प्लेगच्या जिवाणूच्या विष टोचणाऱ्या सुईत आहेत. तिथे शेपूट नाही, काम मात्र चोख चालते; म्हणजे मोटारीचे काही भाग काढले, तरी उरलेले दुसऱ्या कामाला येऊ शकतात. २००५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात (शाळेत हा रचनाकाराचा विचार मांडण्यावरून झालेल्या) न्यायालयानेही हा विचार म्हणजे विज्ञान नव्हे, असाच निकाल दिला.

डोळा इतका अचूक, की तोही कुणीतरी रचलाच असणार, हा दाखलाही आलाच. कागदावर चार बोटांच्या अंतराने शेजारी-शेजारी दोन ठिपके काढा. डावा डोळा मिटून उजव्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत कागद लांबून हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभरावर उजवा ठिपका गडप होतो! आपल्या दृष्टिपटलाच्या (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) नसा त्याच्या पुढून येतात आणि त्यालाच भोक पाडून मागे जातात. तेवढी जागा आंधळी. ऑक्टोपसच्या नसा मागूनच निघतात, त्याला ही अडचण नाही. रचनाकाराची ऑक्टोपसवर जास्त माया का, हे विचारायला मी हात वर केला, तोवर आरती सुरू झाली.

मीही दर शनिवारी मारुतीला जातो, श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण समोर दहावीची मुले बसली होती. मंडळाने पुढच्या वर्षी व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)