‘अवकाळीचे सावट’ एवढ्यावर काढणी ठरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी संपता संपता हवामान विभागाचा मार्च ते मे या हंगामाचा अंदाज येतो. ज्या वर्षी कल पावसाकडे असतो, त्या वर्षी मथळा ठरलेला: ‘पाऊस सरासरीपेक्षा जास्त, उन्हाचा चटका कमी’. पुढे ढग दाटले की ‘राज्यावर अवकाळीचे सावट’. एवढे वाचून उन्हाळ कांदा उद्या उपटायचा की चार दिवस थांबायचे, हे ठरत नाही. मूळ पत्रकात ठरवण्यापुरते बरेच काही असते. बातमी होताना ते गळते, म्हणून हे पत्र.

हंगामी अंदाजात सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि जास्त अशा तीन शक्यता टक्क्यांत मांडलेल्या असतात. कशाकडेच कल नसेल तर तिन्हींना साधारण ३३ टक्के. म्हणजे एखाद्या भागात ‘जास्त’ला ४५ टक्के दिले असतील, तर उरलेले ५५ टक्के बाकीच्या दोन शक्यतांकडे आहेत. हे आकडे छापले नाहीत तर वाचक कल हाच निकाल समजतो. दुसरे असे, की मार्चमधल्या पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी (१९७१ ते २०२०) आहे २९.९ मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा हिमालयाच्या पट्ट्याचा व ईशान्येचा. मध्य महाराष्ट्राच्या वाट्याला येतात ते थोडेच मिलिमीटर. एका संध्याकाळच्या वळवाच्या सरीने इथली महिन्याची सरासरी ओलांडली जाते. म्हणून टक्क्यांशेजारी मिलिमीटर हवेतच. उलट, महिना ‘कमी पावसाचा’ निघाला तरी दहा मिनिटांची गारपीट द्राक्षबाग झोपवू शकते.

तापमानाचेही तसेच. ‘गारवा राहणार’ म्हणताना कमाल की किमान हे सांगितले जात नाही. ढगाळ दिवशी कमाल तापमान उतरते, पण ढग रात्रीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत आणि किमान तापमान चढते. दिवस गार, रात्र दमट. आंब्याच्या मोहोरावर भुरी आणि करपा, कांद्याच्या पातीवर जांभळा करपा याच हवेत पसरतो. शेतकऱ्याला कमाल, किमान आणि आर्द्रता हे तिन्ही आकडे लागतात.

हा पाऊस येतो कसा, तेही बातमीत दोन ओळींत यावे. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवेची प्रणाली) सरकत असतो, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प येते आणि विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाकडे वाऱ्यांच्या खंडिततेचा, म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे वारे जिथे भेटतात तो, पट्टा तयार होतो. त्यात दुपारचे ऊन जमीन तापवते, म्हणून ढग बहुधा दुपारनंतर फुटतात. वरच्या थरात हवा फार थंड आणि ढगातला वर चढणारा झोत जोरदार असेल तर गारा. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राने हे लागोपाठ सोसले. वातावरण गारपिटीला पोषक आहे हे काही दिवस आधी कळते, पण नेमकी जागा कळते ती त्या दिवशीच, तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यातून. महिन्याच्या अंदाजात ती शोधू नये.

सर्वांत जास्त घोटाळा ‘तुरळक ठिकाणी’मुळे होतो. त्याचा अर्थ हलका पाऊस नव्हे. त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, एवढाच अर्थ. २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी. तुरळक ठिकाणचा पाऊस ज्याच्या शिवारात पडतो, तिथे तो झोडपूनही काढतो. रंगांचेही खुलासे हवेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आणि हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. १५ तारखेचा म्हणून छापलेला पाऊस १४ च्या संध्याकाळचा असू शकतो.

आता कांदा. काढणीआधी साधारण १५ दिवस पाणी तोडलेले असते आणि निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या (पात आडवी झाली) की उपटणी सुरू होते. पुढच्या दोन दिवसांत मेघगर्जनेचा इशारा असेल तर उपटणी थांबवावी, कारण उपटून पसरलेल्या कांद्यापेक्षा जमिनीतला कांदा कमी भिजतो. उपटलेल्या कांद्यात पातीवाटे मानेत पाणी उतरते आणि सड नंतर साठवणीच्या चाळीत दिसते. उपटून झालेच असेल तर उंचवट्यावर लहान ढीग करून ताडपत्री टाकावी. ती पाऊस उघडताच काढावी, नाहीतर आत वाफ धरते. पात कापताना ३ ते ४ सेंटिमीटर मान ठेवावी आणि सावलीत १० ते १२ दिवस सुकवल्याशिवाय माल चाळीत भरू नये.

तासगाव भागात बेदाण्याचे गणित याहून अवघड. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घेऊन द्राक्षे बुडवली, की माल रॅकवर सुमारे दोन आठवडे राहतो. एवढ्या काळात दमट हवा लागली तर बेदाणा काळपट पडतो आणि प्रतवारी घसरते. जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज पाहूनच बुडवणी धरावी. सर आली तर रॅकचे वाऱ्याच्या बाजूचे कापड खाली सोडावे, उघडीप मिळताच वर करावे. केळीवाल्यांना पावसाहून वाऱ्याचा वेग महत्त्वाचा. तो पत्रकात ताशी किलोमीटरमध्ये असतो, बातमीत क्वचितच येतो.

तेव्हा विनंती अशी, की मार्च ते मे रोज एक छोटी चौकट द्यावी: जिल्हा, तारीख, इशाऱ्याचा रंग, किती टक्के ठिकाणी पाऊस, वाऱ्याचा वेग. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो बुधवारच्या व शनिवारच्या अंकात यावा. चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज गुरुवारी येतो, त्याला शुक्रवारी जागा द्यावी. चौकटीखाली एक ओळ विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) तयार केलेल्या ‘दामिनी’ अ‍ॅपची असावी. काढणीच्या दिवसांत मजूर दुपारी उघड्या रानात असतात आणि वीज पडते तीही बहुधा दुपारनंतरच.

आपला,
कृषी हवामानाचा एक अभ्यासक, निफाड (जि. नाशिक)