मिरगाची वाट न पाहणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

वादळात पडलेली झाडं कापायच्या वाडीच्या दोन्ही चेनसॉ, पाण्याचा पंप आणि जनरेटर तुम्ही एप्रिलमध्येच खोलून बसलात, तेव्हा 'एवढी घाई कसली' असं बरेच जण म्हणाले. पण 'निसर्ग' चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला आणि 'तौक्ते' मे २०२१ च्या मध्यात. दोन्ही मिरगाच्या आधी. 'फयान' तर २००९ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर. म्हणून हे उघड आभार.

वर्षभर पडून असलेली चेनसॉ ऐन वेळी दोरी ओढून चालू होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा टाकीतच असतं. पेट्रोल-ऑइलच्या जुन्या मिश्रणातलं पेट्रोल उडतं, मागे उरलेला चिकट राप कार्बोरेटरचं बारीक भोक बुजवतो आणि त्यातला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, कडक होतो. त्यात इथेनॉलवालं पेट्रोल आपल्या दमट हवेतलं पाणी धरतं. तुम्ही डायफ्राम बदललेत, प्लगचा गॅप ०.५ मिमीवर आणलात आणि कॅनवर रंगाने लिहून ठेवलंत: 'लिटरला २० मिली टू-टी, महिन्याभराचंच'. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं हे प्रमाण आपल्या मशीनच्या पुस्तकातलं, वेगळ्या मशीनला त्याचं पुस्तक पाहूनच घ्यावं. ऑइल विसरलं तर पिस्टन जाम, मग वादळात दुरुस्ती कुठली! काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हेही आता सगळ्यांना पाठ झालंय.

खरी किमया मात्र चेनीची. माडाचा सोट बाहेरून कठीण, चिवट धाग्यांचा, आणि किनाऱ्यावरच्या वाडीत सालीत वाळू बसलेली. दोन माड कापले की धार बसते. कपच्या पडायच्या बंद होऊन पिठासारखा भुगा पडू लागला की थांबायचं. जोर लावला तर बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, तापतो. आपल्या लहान चेनीला ४ मिमीची गोल कानस, ३० अंशांचा कोन, आतून बाहेर एकाच दिशेने, प्रत्येक दाताला मोजून सारखे हात. एका बाजूच्या दातांना जास्त हात बसले की काप तिरका जातो. दातापुढची छोटी उंची चपट्या कानशीने दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवायची. त्याहून खाली नेली तर चेन लाकडात घुसते आणि मशीन हातात उसळतं.

ताण बघायचा तो मशीन बंद आणि चेन थंड असताना. खालच्या बाजूने बारला टेकलेली, तरी हातमोजा घालून ओढली तर फिरणारी. गरम चेन आवळली की थंड होताना आखडते. आणि जळकं इंजिन ऑइल चेनीला घालायची जुनी खोड तुम्ही मोडलीत, ते बरं झालं. त्यातला लोखंडाचा कीस ऑइल पंपात अडकतो.

पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हचा चामडी वॉशर सुकून चिरला होता. तेवढ्याने पाणी उतरतं आणि दरवेळी पंप पुन्हा भरावा लागतो. जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवलात, त्याबद्दल तारेवर चढणारा वायरमनही दुवा देईल. तो स्विच नसता तर जनरेटरचा करंट घरातून उलटा लाइनीत गेला असता.

कापणाऱ्या पोरांना दाखवलेली एक गोष्टही इथे नोंदवतो. आडवा पडलेला आंबा मुळाच्या गड्ड्यासकट ताणात असतो. दबलेल्या बाजूला आधी एक तृतीयांश काप, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलं तर एक तर बार चिमटतो, नाही तर बुंधा फाटून अंगावर येतो. गड्ड्याच्या खड्ड्यात कुणी उभं राहायचं नाही, बुंधा सुटला की गड्डा परत बसतो.

बिलात फक्त प्लग, डायफ्राम आणि वॉशर लावलेत. मजुरीचा आकडा कळवा. दुसऱ्या मशीनची ओढायची दोरी खाऱ्या हवेने विसविशीत झालीय, तेवढी मिरगाच्या आत बदलून द्या. सोबत फणस पाठवतोय. कापाच आहे, बरका नाही.

आपले,
वाडीतले सगळे